त्वचेखालची चिप: माग नेमका कोण काढतं?

लहरी_१३४ (धागाकर्ता)

"तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचतात आणि मग उपग्रहावरून माणूस कुठे आहे ते कळतं." हे वाक्य थोड्या थोड्या काळाने नव्या फॉरवर्डमध्ये येतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते दोन हजारांच्या नोटेतल्या चिपेबद्दल फिरलं, नंतर करोनाच्या लशीतल्या चिपेबद्दल. दोन्ही वेळा ते खोटं होतं. पण शरीरात बसवायची चिप ही वस्तू खरी आहे. ती कुत्र्यामांजरांत आहे, हत्तींत आहे, थोड्या माणसांतही आहे. म्हणून भीती उडवून लावण्यापेक्षा ती कुठे लागू पडते ते नीट पाहू. जाणकारांनी भर घालावी.

आधी वस्तू. काचेची बंद नळी, साधारण १२ मिमी लांब, २ मिमी जाड. उजेडासमोर धरली तर आत फेराइटची (चुंबकीय गुणाच्या लोखंडी संयुगाची) काळपट काडी दिसते, तिच्यावर केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे दाट वेढे. एका टोकाला सिलिकॉनचा कण, मोहरीपेक्षा लहान. बस्स. बॅटरी नाही, घड्याळ नाही, जीपीएस नाही.

चिप वाचणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रीडरच्या, वेटोळ्यात १३४.२ किलोहर्ट्झचा प्रवाह खेळतो आणि त्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. नळी त्या क्षेत्रात आली की तिच्या वेटोळ्यात थोडी वीज निर्माण होते आणि चिप जागी होते. चिप स्वतःहून काही प्रक्षेपित करत नाही. आपल्या वेटोळ्यावरचा भार ती ठरावीक पद्धतीने कमीजास्त करते आणि तो फरक रीडरला जाणवतो. त्यातून १५ अंकी आकडा मिळतो. रीडर बाजूला नेला की चिप पुन्हा निर्जीव.

आता अंतर. वेटोळ्यापासून जरा दूर गेलं की हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घसरतं. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र एक अष्टमांश उरतं. त्यामुळे हातातल्या रीडरला १० सेंटिमीटरच्या आसपासच यश येतं. उपग्रह २० हजार किलोमीटरवर असतो.

"मग जीपीएसवाली चिप बनवतील" म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या पेसमेकरची बॅटरी साधारण १ अँपिअर-तासाची धरा. पेसमेकर सरासरी १० मायक्रोअँपिअर ओढतो. दहा वर्षं म्हणजे ८७,६०० तास, म्हणजे ०.८८ अँपिअर-तास. म्हणून तो दशकभर चालतो. ठिकाण शोधून मोबाइल नेटवर्कवर पाठवणाऱ्या यंत्राला, बराच वेळ झोपवूनही, सरासरी १० मिलिअँपिअर लागले तर तीच बॅटरी १०० तासांत संपेल. चार दिवस. आणि ती बॅटरीच त्या काचेच्या नळीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

---

सानिका_क

हिशेब पटला. पण फास्टॅगलाही बॅटरी नसते आणि तो टोल नाक्यावर काही मीटरवरून वाचला जातो. मग शरीरातली चिप दारावरच्या खांबाला तितक्या लांबून का वाचता येणार नाही?

---

लहरी_१३४

@सानिका_क, फार नेमका प्रश्न. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो. तिथे तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या तरंगाचा अँटेना १७ सेंटिमीटरचा. फास्टॅगमधली पट्टी दुमडलेली असली तरी मोठी असते, आणि ती काचेला चिकटवलेली असते. काच या लहरींना फारशी अडवत नाही.

शरीर म्हणजे मुख्यतः खारट पाणी. या वारंवारितेला ते पाणी लहरी शोषून घेतं आणि अँटेनाचा मेळही बिघडवतं. फास्टॅगवर तळहात दाबून धरला तरी वाचन गडबडतं. १३४ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र मात्र मांसातून जवळपास जसंच्या तसं जातं, म्हणून प्राण्यांसाठी ते निवडलं गेलं. थोडक्यात, लांबून वाचता येणारी लहर शरीरात टिकत नाही आणि शरीरात टिकणारी लहर लांबवर पोचत नाही.

वाचनाचं अंतर वाढवायला रीडर मोठा करावा लागतो. गुरांच्या गोठ्यात फाटकाएवढे अँटेना लावून कानातला बिल्ला मीटरभरावरून वाचतात. तो बिल्ला मात्र बटणाएवढा असतो आणि आतलं वेटोळं नळीतल्यापेक्षा खूप मोठं. म्हणजे अरुंद दारात रीडर लावणं अशक्य नाही. रस्त्याच्या पलीकडून वाचणं अशक्य आहे.

---

गोठा_ते_ओपीडी

प्राण्यांच्या बाजूने लिहितो, कारण टोचण्याचं सर्वाधिक काम तिथेच होतं आणि चुकाही तिथेच कळतात.

पाकीट फोडण्याआधी चिप पाकिटातच स्कॅन करायची आणि स्टिकरवरचा आकडा जुळवायचा. मग प्राणी पूर्ण स्कॅन करायचा, आधीची चिप असू शकते. कुत्र्यामांजरांत जागा दोन खांद्यांच्या मधली. कातडी चिमटीत उचलून तंबू करायचा, १२ गेजची (जाड) सुई तिरकी घालायची, दट्ट्या शेवटपर्यंत दाबायचा, मग सुई सरळ मागे घ्यायची आणि त्या जागी काही सेकंद बोट दाबून धरायचं. घाईने सुई ओढली की चिप तिच्याबरोबरच बाहेर येते आणि लांब केसांत अडकून बसते. त्या क्षणी स्कॅन केलं तर आकडा येतोही, घरी गेल्यावर चिप कुठेतरी गळून पडते. म्हणून स्कॅन करण्याआधी केस बाजूला करून भोक बघायचं.

दुसरी अडचण सरकण्याची. चिप खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत जाते, कधी छातीकडे. ती थांबावी म्हणून काही नळ्यांवर पॅरिलिन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा थर असतो, त्याला ऊतक धरून ठेवतं.

वाचताना होणारी मोठी चूक म्हणजे घाई. रीडर अंगाला जवळजवळ टेकवून, इंग्रजी एस काढल्यासारखा सावकाश फिरवायचा. पहिली फेरी मानेपासून शेपटीकडे, दुसरी आडवी, मग दोन्ही पुढचे पाय कोपरापर्यंत. दोन दिशा का? नळी रीडरच्या वेटोळ्याशी एका ठरावीक कोनात आली की दोघांचा मेळ शून्य होतो आणि चिप असूनही रीडर गप्प राहतो. प्राणी स्टीलच्या टेबलावर असेल तर खाली घ्या, धातूचा पट्टा काढा, रीडरची बॅटरी बघा. आणखी एक, जुन्या १२५ किलोहर्ट्झच्या चिपा काही रीडर ओळखतच नाहीत. "चिप नाही" असं लिहिण्याआधी रीडर कोणत्या प्रकारच्या चिपा वाचतो ते तपासा.

आणि सगळ्यात वाया जाणारी गोष्ट: टोचलेली पण नोंदवलेली नसलेली चिप. १५ अंकांत मालकाचं नाव नसतं. पहिले तीन अंक देशाचे किंवा, ९०० च्या पुढचे असतील तर, उत्पादकाचे, बाकी १२ अनुक्रमांक. तो आकडा कुठल्या यादीत कुणाच्या फोन नंबरशी जोडलाय, यावर सगळं अवलंबून. फोन बदलला आणि यादी बदलली नाही तर चिपेचा उपयोग संपला.

गाईम्हशींच्या कानातला पिवळा १२ अंकी बिल्ला वेगळा. त्यावर बारकोड असतो, तो आत टोचलेला नसतो. लोक दोन्हींना "चिप" म्हणतात म्हणून सांगितलं.

---

बिबट्याची_वाट

माग काढणं आणि ओळख पटवणं यातला फरक आपल्याकडच्या एका उदाहरणात फार स्वच्छ दिसतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक प्रौढ बिबट्या पकडला गेला. विद्या अत्रेय यांच्या गटाने त्याला जीपीएस कॉलर घातली, चिप टोचली आणि माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. तो चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत आला, १२० किलोमीटरहून जास्त. हा सगळा प्रवास कळला तो गळ्यातल्या कॉलरमुळे. कॉलरचे संदेश पुढे थांबले.

डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. तो आजोबाच, हे सांगितलं चिपेने. मधल्या काळात तो कुठे होता, हे चिपेला माहीत नव्हतं. कुणीतरी मृत जनावराजवळ बसून रीडर फिरवला तेव्हाच ती बोलली.

कॉलर गळ्यात वागवावी लागते ती लहरी_१३४ यांनी मांडलेल्या बॅटरीच्या हिशेबामुळेच. नळीत तेवढं काम मावलं असतं तर वन्यजीव संशोधकांनी जनावराच्या गळ्यात ते ओझं केव्हाच घालायचं थांबवलं असतं.

---

टॅग_आणि_कुलूप

माणसांच्या चिपेकडे येतो. ऑगस्ट १९९८ मध्ये रेडिंग विद्यापीठाच्या केविन वॉरिक यांनी दंडात आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचली जाणारी) नळी बसवून घेतली, दारं उघडायला आणि दिवे लावायला. नऊ दिवसांनी ती काढली. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएने माणसांत बसवायच्या व्हेरिचिप या चिपेला मान्यता दिली. तिच्यात १६ अंकी आकडा होता, बेशुद्ध रुग्णाची माहिती रुग्णालयाला मिळावी हा उद्देश. २००६ मध्ये जोनाथन वेस्टह्यूज यांनी तिची नक्कल करून दाखवली, कारण ती विचारणाऱ्या कुणालाही आकडा सांगत होती. २०१० मध्ये विक्री थांबली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या थ्री स्क्वेअर मार्केट कंपनीच्या सुमारे ५० कर्मचाऱ्यांनी स्वखुशीने हातात चिप घेतली. त्याच वर्षी स्वीडनची रेल्वे हातातल्या चिपेवर तिकीट तपासू लागली.

आजच्या हातातल्या नळ्या बहुतेक १३.५६ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे फोनच्या एनएफसीने (अगदी जवळून वाचण्याच्या सोयीने) वाचता येणाऱ्या. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात, हाडापासून दूर, त्वचेच्या लगेच खाली बसवतात. एनटॅग २१६ या प्रकारात ८८८ बाइट जागा असते. एवढ्यात एक पत्ता, एक दुवा आणि फोन नंबर मावतो.

यात नेहमी होणाऱ्या चुका:

फोनच्या ॲपमध्ये टॅग "लॉक" करण्याचा पर्याय असतो. तो दाबला की लॉकचे बिट कायमचे बसतात, परत काढता येत नाहीत. कार्ड असतं तर फेकून दिलं असतं, इथे हात कापून नळी काढावी लागेल. टोचण्याआधी त्याच प्रकारच्या स्टिकर टॅगवर सगळं करून बघा.

फोन चिप वाचत नाही, अशी तक्रार बहुधा जागेमुळे असते. फोनचं वेटोळं मोठं आणि नळीचं इवलंसं. नळी फोनच्या वेटोळ्याच्या मधोमध नाही, कडेवर आणावी लागते. आयफोनला वरची कड, अँड्रॉइडला बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या आसपास. वाचनाचं अंतर काही मिलिमीटर.

"सोसायटीच्या गेटचं कार्ड हातात टाकू" म्हणणाऱ्यांनी आधी ते कार्ड कोणतं ते बघावं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी १२५ किलोहर्ट्झचं साधं कार्ड असतं, ते फक्त आकडा सांगतं. स्वस्त कॉपियरने काही सेकंदांत त्याची नक्कल होते. मिफेअर क्लासिक या दुसऱ्या प्रकारच्या कार्डाचं कूटलेखन २००८ मध्येच फोडलं गेलं. असली चावी हातात घेऊन सुरक्षितता वाढत नाही. चोराला हाताची गरज नसते, आकडा पुरतो. आणि आकडा फुटला तर कार्ड बदलता येतं, हातातली नळी सहज नाही.

प्राण्यांची चिप माणसाने कधीही टोचून घेऊ नये. तिच्यावर गोठा_ते_ओपीडी यांनी सांगितलेला पॅरिलिनचा थर असू शकतो, ऊतक त्यात गुंततं आणि काढताना चीर मोठी लागते. माणसांसाठीच्या नळीवर तो मुद्दाम देत नाहीत.

---

सानिका_क

म्हणजे "माग काढणारी चिप" ही भीती सोडून द्यायची?

---

कलम_एकवीस

@सानिका_क, चिप वाऱ्यावर माग काढत नाही हे खरं, पण वाचलेल्या प्रत्येक वेळेची नोंद कुठेतरी होते. दारावर, छपाई यंत्रावर, उपाहारगृहात रीडर लावले तर दिवसभराचा नकाशा तयार होतो. तो नकाशा नळीत नाही, मालकाच्या सर्व्हरवर आहे. भीती तिथे ठेवायला हवी.

आणि त्यासाठी त्वचेखाली जायचीही गरज नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. माणूस कुठे उभा आहे ते तिथे थेट पडद्यावर दिसायचं आणि त्याचा संबंध हजेरीशी यायचा. घड्याळ काढून ठेवता येतं असं म्हणणं सोपं आहे, पण मजुरी त्याला बांधलेली असेल तर ते काढता येत नाही. त्वचेखालच्या चिपेबद्दल आपण जितकं अस्वस्थ होतो, तितकं या घड्याळांबद्दल व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

कायद्याचं थोडक्यात. विस्कॉन्सिनने २००६ मध्येच सक्तीने चिप बसवण्यावर बंदी घातली, म्हणजे त्या ५० कर्मचाऱ्यांच्या अकरा वर्षं आधी. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा, ज्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क मानला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे. कामगार संघटनांनी हे कलम वाचलंच पाहिजे.

मेंदूपर्यंत जाणाऱ्या यंत्रांसाठी आपल्याकडे एक मोलाचा निकाल आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात ब्रेन मॅपिंगच्या अहवालाचाही आधार घेऊन शिक्षा सुनावली होती. आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं ऐकवायची आणि "अनुभवाची आठवण" आहे का ते यंत्राने ठरवायचं. २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग सक्तीने करणं घटनाबाह्य ठरवलं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही, आणि मेंदूतून ती काढणंही त्यातच येतं. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या व्यवहाराचं संरक्षण राज्यघटनेत घातलं. आपल्याकडे ती वाट सेल्वीने अकरा वर्षं आधी दाखवली होती.

---

बायोमेड_फेरी

शरीरात खरोखर बोलणारी यंत्रं कोणती, तर पेसमेकर, डिफिब्रिलेटर (हृदयाला झटका देणारं), कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं). यांना वीज असते आणि यांच्याशी संवाद साधता येतो. भविष्याच्या काळजीचं खरं रूप इथे आजच दिसतं.

२०१७ मध्ये अमेरिकेत एका प्रकारच्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी निघाली. जवळून कुणी अनधिकृत आज्ञा देऊ शकलं असतं. दुरुस्ती घरबसल्या होणारी नव्हती. दवाखान्यात जाऊन प्रोग्रामरची (पेसमेकरशी बाहेरून बोलणाऱ्या यंत्राची) कांडी छातीवर धरायची, साधारण तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत पेसमेकर राखीव पद्धतीने मिनिटाला ६७ ठोके देत राहतो. ज्यांचं हृदय पूर्णपणे यंत्रावर अवलंबून आहे त्यांच्यासाठी ती तीन मिनिटं कुठे घालवायची, हा डॉक्टरांचा निर्णय, कारण अशा वेळी बाहेरून हृदयाला ठोके देण्याची सोय हाताशी लागते. फोनचं अपडेट आणि हे अपडेट यात हा फरक आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. सेकंड साइट कंपनीचं आर्गस २ हे डोळ्याचं इम्प्लांट जगभरात ३५० हून जास्त अंधांना बसवलं होतं. डोळ्यातल्या पडद्यावर (रेटिनावर) ६० इलेक्ट्रोड, चष्म्यावर कॅमेरा, कमरेला प्रक्रिया करणारी पेटी. २०१९ च्या सुमारास कंपनीने ते बनवणं थांबवलं आणि पुढच्या वर्षी ती बुडण्याच्या काठावर आली. पेटी बिघडली तर सुटे भाग नाहीत. डोळ्यातला भाग तिथेच, पण दिसणं बंद.

मेंदूत यंत्र बसवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीचं पहिलं मानवी रोपण जानेवारी २०२४ मध्ये झालं. ६४ धाग्यांवर १,०२४ इलेक्ट्रोड. काही आठवड्यांत बरेच धागे मेंदूतून मागे सरकले आणि उरलेल्या संकेतांवर काम चालावं म्हणून कंपनीला सॉफ्टवेअर बदलावं लागलं. मेंदू कवटीत हलतो, धागा हाडाशी बांधलेला असतो, ही अडचण सोपी नाही.

म्हणून असं कुठलंही यंत्र घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: बॅटरी किती वर्षांची, बदलताना फक्त डबा निघतो की तारही, काढायची वेळ आली तर काय मागे राहतं, नोंदी कुठल्या सर्व्हरवर जातात आणि मला त्याची प्रत मिळते का, कंपनी बंद पडली तर प्रोग्रामर कुणाकडे असेल. रोपण-कार्डावरचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर घरातल्या दोघांकडे फोटो काढून ठेवा. आपत्कालीन विभागात तोच पहिला विचारतात.

---

रॉटरडॅमकर

इकडे युरोपात कुत्रं आणणाऱ्या आपल्या लोकांसाठी, कारण याच विषयात दर वेळी गोंधळ होतो. चिप आधी, रेबीजची लस नंतर. दोन्ही एकाच दिवशी चालतात, पण क्रम उलटा झाला तर ती लस कागदोपत्री धरलीच जात नाही. लशीच्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची पातळी दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा जास्त यायला हवी. रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. भारत सवलतीच्या यादीत नाही, म्हणून ही थांबण्याची अट. चिप १३४.२ वाली १५ अंकीच हवी.

@बायोमेड_फेरी, हातात एनएफसी नळी असेल तर एमआरआय चालतो का?

---

बायोमेड_फेरी

@रॉटरडॅमकर, फॉर्मवर "शरीरात धातू किंवा यंत्र" या ओळीत न चुकता लिहा आणि नळीच्या उत्पादकाचा चाचणी-कागद बरोबर न्या. नळीत बॅटरी नसते, पण फेराइट असतं. त्यामुळे प्रतिमेत तिच्याभोवती काळा डाग पडतो. गुडघ्याच्या तपासणीत हातातल्या नळीने फरक पडणार नाही. मनगटाची तपासणी असेल तर हवा तोच भाग झाकला जाईल, तेव्हा आधी रेडिओलॉजिस्टशी बोलून ठरवा. यंत्रात असताना हातात ऊब, ओढ किंवा टोचल्यासारखं वाटलं तर कर्मचाऱ्यांना बोलावण्यासाठी दिलेला रबरी फुगा लगेच दाबा, संपेपर्यंत सहन करत बसू नका.

पेसमेकरवाल्यांनी मात्र हा नियम स्वतःला लावू नये. त्यांचं कार्ड बघून, यंत्र एमआरआयच्या मोडवर टाकून, मॉनिटर लावूनच आत घेतात, आणि बाहेर आल्यावर मोड पूर्ववत केला का, हे घरी निघण्याआधी विचारायचं.